ओरखड्यांची किंमत

एखादा वादक वर्षानुवर्षं एकच इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्या गिटारचा रंग उडतो, लाकूड उघडं पडतं, तिला टोपणनाव मिळतं आणि मग चाहते कंपनीच्या मागे लागतात, की अगदी अशीच गिटार आम्हालाही बनवून द्या, त्याच्या नावाने. कंपन्यांना तेवढंच हवं असतं. एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही काळी स्ट्रॅटोकास्टर 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. दोनच वर्षांनी फेंडर कंपनीने तिच्या 275 नकला काढल्या, किंमत प्रत्येकी 24,000 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दहा-अकरा लाख रुपये, आणि त्या पहिल्याच दिवशी संपल्या. 2007 मध्ये एडी व्हॅन हेलनच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या 300 नकला आल्या, किंमत 25,000 डॉलर. त्या नकलेत तांबड्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तर होत्याच, पण एडीने तारा धरून ठेवणारा तरंगता ब्रिज मागे कलू नये म्हणून त्याच्याखाली 1971 सालचं पाव डॉलरचं नाणं ठोकलं होतं, तेही होतं. नाणं त्याच सालचं हवं, हा हट्टही पुरवला गेला. गंमत अशी की मूळ गिटार एडीने जेमतेम 50 डॉलरचं नाकारलेलं धड आणि 80 डॉलरची मान जोडून घरीच तयार केली होती.

हे वेड हास्यास्पद आहे असं मला वाटत नाही. पण चाहते जे मागतात ते नेमकं काय, याचा हिशेब नीट मांडला जात नाही. हुबेहूब नकल म्हटलं की त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली दिसणं: रंग, ओरखडे, सिगारेटचे डाग, गंज. दुसरी हाताला लागणं: मानेची जाडी, गोलाई, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची उंची. तिसरी आवाज: तारांखालचे पिकअप, त्यांची जोडणी, आतलं वायरिंग. या तिन्हींपैकी वादकाच्या सर्वांत कमी कामाची गोष्ट पहिली, आणि बाजारात सर्वांत महाग विकली जाते तीच. ज्याला संगीतासाठी नकल हवी आहे त्याने दुसरी आणि तिसरी मागावी, आणि ती स्वस्तात मिळू शकते हे ठणकावून सांगावं, असं माझं म्हणणं आहे. याला सर्वांत चांगला पुरावा आहे ‘ग्रीनी’ नावाच्या गिटारचा.

ग्रीनी म्हणजे 1959 साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी गिब्सन कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली ‘लेस पॉल’ जातीची एक गिटार. 1958 ते 1960 या तीन वर्षांत गिब्सनने मधल्या पिवळ्यातून कडेच्या तांबड्याकडे जाणाऱ्या रंगाच्या लेस पॉल साधारण दीड हजार बनवल्या, त्या फारशा खपल्या नाहीत म्हणून बंद केल्या, आणि आज त्याच जगातल्या सर्वांत महागड्या गिटारांत गणल्या जातात. त्यांतली एक 1960 च्या दशकाच्या मध्याला लंडनमध्ये पीटर ग्रीनच्या हाती आली. 1967 मध्ये फ्लीटवुड मॅक हा बँड उभा करणारा तो हाच. 1970 मध्ये ग्रीनने बँड सोडला, मनाने तो खचत गेला आणि पुढे ही गिटार त्याने बेलफास्टच्या तरुण गॅरी मूरला देऊन टाकल्यासारखीच विकली. मूरने आपली गिब्सन एसजी विकून जे पैसे आले ते ग्रीनला दिले, शंभर-सव्वाशे पौंडांच्या आसपास. मूरने ती तीन दशकांहून जास्त वाजवली, ‘पॅरिसियन वॉकवेज’ हे गाणं तिच्यावरच, आणि 1995 मध्ये ग्रीनला मानवंदना म्हणून ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ हा अल्बमही केला. 2006 मध्ये ती संग्राहकांकडे गेली. 2014 मध्ये मेटॅलिका या बँडच्या कर्क हॅमेटने ती विकत घेतली आणि तिजोरीत न ठेवता थेट मंचावर नेली.

या गिटारचा लौकिक आहे तो एका आवाजासाठी. लेस पॉलवर दोन पिकअप असतात, एक मानेजवळ, एक ब्रिजजवळ. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेची हजारो वेढ्यांची वेटोळी. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. स्विच मधे ठेवला की दोन्ही पिकअप एकदम बोलतात आणि आवाज भरदार होतो, कारण दोघांच्या विजेच्या लहरी एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. ग्रीनीत मानेजवळच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसलेला आहे. त्यामुळे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली जाते. झोपाळ्याला दोघांनी समोरासमोरून एकाच वेळी ढकलावं, तसं होतं. खर्जाचा भाग दोन्ही पिकअपना जवळजवळ सारखाच ऐकू येतो, म्हणून तो एकमेकांना खाऊन टाकतो. वरचे बारीक स्वरांश दोन ठिकाणी वेगवेगळे असतात, ते उरतात. परिणामी आवाज पोकळ, थोडा नाकातला, दुरून आल्यासारखा होतो. एका पिकअपचं व्हॉल्यूमचं बटण किंचित कमी केलं की वजाबाकी अर्धवट राहते आणि आवाजाला पुन्हा थोडं अंग येतं. ग्रीन या बटणांशी वाजवता वाजवता खेळत असे, आणि त्याच्या संथ ब्लूजमधला तो विव्हळ रंग बराचसा तिथून आला आहे. स्विच वर किंवा खाली केला, म्हणजे एकच पिकअप चालू ठेवला, की ही गिटार इतर लेस पॉलसारखीच वाजते.

चुंबक उलटा कसा झाला याबद्दल एकमत नाही. कोणी म्हणतं कारखान्यातच चुकला, कोणी म्हणतं दुरुस्ती करणाऱ्याने उघडून परत बसवताना फिरवला. चाहत्यांच्या दृष्टीने बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. ग्रीनने तो पिकअप एकदा काढला आणि परत बसवताना अख्खा पिकअपच उलट्या दिशेने ठेवला, त्यामुळे त्याच्या स्क्रूंची रांग ब्रिजकडे तोंड करून आहे. फोटोत हे स्पष्ट दिसतं. म्हणून पुढे कित्येकांनी आपापल्या गिटारचे पिकअप तसेच फिरवले, आणि काहीच घडलं नाही. पिकअप फिरवला की वेटोळी आणि चुंबक बरोबरच फिरतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. जे डोळ्यांना दिसलं त्याची नकल झाली, आणि जे कानांना ऐकू येत होतं ते धातूच्या झाकणाखाली राहिलं. महागड्या नकलांच्या बाजाराचं यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचत नाही.

हॅमेटने गिटार घेतल्यापासून गिब्सन तिची नकल कधी काढणार याची वाट चाहते पाहत होते. ती निघाली, आणि एक नव्हे, अनेक दर्जांत निघाली. सर्वांत वर कारागिरांनी हाताने म्हाताऱ्या केलेल्या, मोजक्या संख्येच्या. त्यांच्या लॅकरला मुद्दाम भेगा पाडलेल्या, मुळात जिथे रंग घासला गेला आहे तिथेच घासलेला. मग 2023 मध्ये तीन हजार डॉलरच्या थोड्या वर नेहमीच्या उत्पादनातली. आणि त्याच वर्षी गिब्सनच्याच एपिफोन या स्वस्त शाखेची, दीड हजार डॉलरच्या आसपास. या सर्वांत खालच्या गिटारमध्येही उलट्या चुंबकाचे ते पिकअप गिब्सनच्या अमेरिकन कारखान्यातलेच बसवले. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ग्रीनी ग्रीनी आहे, ती सर्वांत स्वस्त नकलेतही पूर्ण आहे. वरचा सगळा पैसा लाकूड, हातकाम आणि ओरखडे यांचा. कंपनीने हे केलं याचं श्रेय तिला दिलं पाहिजे. क्लॅप्टन आणि व्हॅन हेलनच्या त्या महागड्या नकलांपेक्षा हा मार्ग चाहत्यांशी जास्त प्रामाणिक आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आवाज बोटांत असतो, गिटारमध्ये नाही. यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावाही ग्रीनीच आहे. तीच गिटार ग्रीनच्या हातात मोजक्या स्वरांत बोलायची, मूरच्या हातात एकच स्वर ताणून ताणून किंचाळायची, आणि हॅमेट तिच्यावर हेवी मेटल वाजवतो. तीन माणसं, तीन आवाज. पण या आक्षेपातून नकलाच निरर्थक आहेत असं निघत नाही. मधल्या स्विचवरचा तो पोकळ रंग तिघांच्याही हातात येतो, कारण तो चुंबकाचा आहे. बोटांतलं बोटांत राहतं, यंत्रातलं यंत्रात. नकल फक्त यंत्रातलं देऊ शकते. विकणारा त्यापलीकडचं काही सुचवत असेल, तर ती जाहिरात आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुनं लाकूड, जुने पिकअप, साठ वर्षांची झीज, याला स्वस्तात पर्याय नाही, असं जाणकार म्हणतात. पिकअपपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. 1950 च्या दशकात गिब्सनच्या यंत्रांवर तारेचे वेढे मोजून आपोआप थांबण्याची सोय नव्हती, शिवाय चुंबकही हाताला लागेल त्या प्रतीचा बसायचा. त्यामुळे त्या काळचे दोन पिकअप सहसा सारखे नसतात. पण यातून उलट निष्कर्ष निघतो. 1959 चीच म्हणून सरसकट नकल काढण्यात अर्थ नाही, त्या एका गिटारचे पिकअप मोजून तसे गुंडाळले पाहिजेत, आणि एकदा मोजमाप हाती आलं की गुंडाळायला काही लाख लागत नाहीत. लाकडाचं म्हणाल तर हुबेहूबपणाची भाषा तिथे कायद्यानेच अडते. जुन्या लेस पॉलच्या मानेवरची पट्टी ब्राझिलियन रोजवुडची, आणि त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून साइट्स कराराने सर्वांत कडक बंधनं आहेत. आज त्याच्या जागी बहुधा भारतीय रोजवुड येतं, म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीत आणि दक्षिणेतल्या जंगलांत वाढणारा, जुन्या वाड्यांतल्या पलंगांचा. नवी पट्टी शिसवीची आणि जुनी ब्राझीलची हे डोळे मिटून ओळखून दाखवा म्हटलं, तर पैज घेणारे फार पुढे येतील असं वाटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. ओरखडे म्हणजे नुसती सजावट नव्हे, ती आठवण आहे, आणि माणसं आठवणीसाठी पैसे मोजतात, त्यात इतरांचं काय जातं? काहीच जात नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2011 पासून व्हॅन हेलनची जी गिटार आहे, तीही मूळ फ्रँकेन्स्टाइन नाही, नकलच आहे, एडीने मंचावर वाजवलेली. संग्रहालयाला नकल चालते, तर दिवाणखान्यात का चालू नये? फक्त विकत घेणाऱ्याने आपण स्मारक घेतोय हे मनाशी ठेवावं. स्मारकाच्या किमतीत वाद्य मिळतं या समजुतीने कर्ज काढणारा तरुण वादक मात्र फसतो.

मग चाहत्यांनी मागावं काय? माझ्या मते मोजमाप. क्वीन बँडच्या ब्रायन मेने 1963 मध्ये वडील हॅरॉल्ड यांच्याबरोबर घरच्या घरी बनवायला घेतलेल्या ‘रेड स्पेशल’चं उदाहरण घ्या. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायर या कारागिराने ती बारकाईने मोजली, तिच्या तीन नकला केल्या आणि मूळ गिटार दुरुस्तही करून दिली. नकलांची नावं जॉन, पॉल आणि जॉर्ज बर्न्स. नकलेच्या निमित्ताने मूळ वाद्य समजलं, ते वाचलं, आणि ब्रायनला मंचावर हाताशी ठेवायला दुसरी गिटार मिळाली. पुढे मेच्याच नावाच्या कंपनीने शिकाऊ वादकालाही झेपेल अशा किमतीत तिची आवृत्ती काढली. मूळ गिटार लिलावातून एखाद्या धनिकाच्या तिजोरीत जाण्याआधी तिच्या मानेचं, पिकअपचं, वायरिंगचं असं मोजमाप होणं, हा चाहत्यांच्या मागणीचा खरा उपयोग आहे. मर्यादित तीनशे नकला निघाल्या की ती माहिती कंपनीच्या कपाटात जाते. साधी आवृत्ती निघाली की ती हजारो हातांत जाते.

आणि ज्याला ग्रीनीचाच आवाज हवा आहे त्याने नकलेसाठी पैसे साठवण्याआधी एक करून पाहावं. घरात लेस पॉलसारखी दोन हंबकर (म्हणजे जोडवेटोळ्याच्या) पिकअपची कुठलीही गिटार असेल, तर ती गिटार दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्यावी आणि मानेजवळच्या पिकअपमधला चुंबक उलटा करून मागावा. पिकअपचं झाकण झाळलेलं असलं तर थोडं जास्त काम, नाहीतर अर्ध्या तासाचं. नाही आवडलं तर तोच चुंबक पुन्हा सुलटा बसवता येतो.