महिना 500 रुपयांत पेठ कशी सुधारायची?

व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

गिऱ्हाईक एका दुकानात येत नाही, पेठेत येतं. साडी घ्यायला आलेली ताई मॅचिंग बांगड्या घेते, साडी फॉल-पिकोला टाकते, जाताना फरसाण नेते. तिला पेठेत यायचाच कंटाळा आला तर चौघांचाही गल्ला बसतो. म्हणून रस्ता हा सगळ्यांचा सामाईक धंदा समजा.

1. आधी फुकटचं काम
मालकाची बाईक सकाळी 10 ला दुकानासमोर लागते आणि रात्री 9 ला हलते. म्हणजे 11 तास जागा अडली. गिऱ्हाईक अर्धा तास थांबतं असं धरलं, तर त्याच जागेत दिवसभरात 22 गाड्या लागू शकतात! मालक आणि नोकर, सगळ्यांच्या गाड्या मागच्या गल्लीत न्या. रस्त्यावर आलेले स्टँड आणि पुतळेही आत घ्या.

2. उजेड
प्रत्येक शटरवर 9 वॅटचा एक एलईडी लावा. रोज 5 तास चालला तर महिन्याला 1.35 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तरी खर्च 16-17 रुपये. दुकान लवकर बंद केलं तरी दिवा चालू ठेवा. अंधाऱ्या टोकाकडे कोणी फिरकत नाही.

3. वर्गणी
समजा 40 दुकानं आहेत. प्रत्येकी 500, म्हणजे महिना 20,000. वाटणी अशी करता येईल: स्वच्छतागृहाची सफाई 9,000, रस्ता झाडणं 6,000, दुरुस्ती आणि रॅम्प 3,000, शिल्लक 2,000. स्वच्छतागृह नगरपालिकेचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. ते स्वच्छ नसेल तर बायका खरेदी अर्धवट सोडून घरी जातात. हिशोब दरमहा ग्रुपवर टाका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात वर्गणी थांबलीच म्हणून समजा.

4. फेरीवाल्यांशी भांडू नका
गजरेवाली आणि भाजीवाला रोजची गर्दी आणतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असतात. त्यांच्यासोबत बसून जागा ठरवा, पट्टा आखा.

5. आधी एक दिवस करून बघा
पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. आपणही परवानगी घेऊन एक संध्याकाळ असा प्रयोग करू शकतो. मात्र मोजमाप हवंच: आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेत किती माणसं आली, किती बिलं झाली ते लिहून ठेवा. मग वाद आकड्यांवर होईल, आवाजावर नाही.

शेवटचं सांगतो. पहिल्या मीटिंगला वर्गणी मागू नका, फक्त गाड्या हलवा. समोर मोकळी जागा दिसली की 500 रुपये द्यायला माणूस आपणहून तयार होतो.