गोळ्या संपेपर्यंत, तोंड उघडेपर्यंत

क्षयाच्या तपासणीला थुंकी चालत नाही, बेडका लागतो. प्रयोगशाळेच्या खिडकीशी डबी हातात देताना तंत्रज्ञ तेच रोज सांगतो. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायची, माणसांपासून लांब मोकळ्या हवेत उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकून काढायचं. तरीही कित्येक डब्यांत नुसती पातळ लाळ येते. लाळेत जंतू सापडत नाहीत, ‘काही निघालं नाही’ म्हणून रोगी घरी जातो आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या नातवंडांवर खोकत राहतो. म्हणून ती डबी उजेडात धरून बघणारा आणि ‘उद्या परत या’ असं न कंटाळता म्हणणारा माणूस मला क्षयाच्या लढाईत फार मोठा वाटतो. त्याच्या हातून नमुना चुकला तर पुढचं एकही यंत्र उपयोगाचं नाही.

रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर शतकभर निदानाची मदार सूक्ष्मदर्शकावर राहिली. काचेवर बेडका पसरायचा, लाल रंग ओतून खालून तापवायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा रंग द्यायचा. क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट असल्यामुळे त्याचा लाल रंग आम्लानेही सुटत नाही आणि निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. पद्धत स्वस्त आणि भरवशाची. पण एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असले तरच ते डोळ्यांना सापडतात. लहान मुलं, एचआयव्हीबाधित, नुकता लागलेला आजार, असे किती तरी रोगी त्यातून निसटतात. जंतू वाढवून बघायचे तर सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं.

सीबीनॅट या यंत्राने हे चित्र बदललं. नमुन्यात द्रावण मिसळून ते प्लास्टिकच्या काडतुसात भरायचं आणि काडतूस यंत्रात ठेवायचं. यंत्र जंतूचा डीएनए शोधून वाढवतं आणि दोन तासांच्या आत सांगतं की क्षय आहे का, आणि असल्यास रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या डिसेंबरमध्ये त्याला मान्यता दिली. त्याला वातानुकूलित खोली आणि न जाणारी वीज लागते, ही अडचण गोव्यात वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटने बरीच सोडवली. ते बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं आणि 2020 मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली.

पण यंत्र आलं तरी ते ठेवायला जागा लागते, चालवायला माणूस लागतो आणि निकाल घेऊन रोग्यामागे जाणारी व्यवस्था लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातलं लोणी बुद्रुक हे गाव या संदर्भात मुद्दाम बघावं असं आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी इथे सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. उसाच्या पैशातून शाळा आल्या. बाळासाहेब विखे पाटलांच्या पुढाकाराने 1972 मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट स्थापन झाला, 1976 मध्ये रुग्णालय सुरू झालं, 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. पुढे दंत महाविद्यालय आलं, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आलं आणि 2003 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचं संशोधन छापणारं ‘प्रवरा मेडिकल रिव्ह्यू’ हे नियतकालिकही इथूनच निघतं. छातीचा डॉक्टर, जबड्याचा शल्यचिकित्सक आणि व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हे तिघे खेड्यात एका आवारात भेटावेत, ही साधी गोष्ट नाही.

ज्या उसाने हे उभं केलं, तोच ऊस क्षयाच्या उपचाराला आडवा येतो. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून तोडणीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारची कोपी आणि पहाटे उठून मोळ्या बांधणं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. भाद्रपदात गावी गोळ्या सुरू झालेला माणूस कार्तिकात दुसऱ्या जिल्ह्यात असतो. उचल फिटायची असल्यामुळे खोकला आला म्हणून त्याला थांबता येत नाही.

गोळ्यांचा नेम मात्र कडक आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रोज किती गोळ्या, हे वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर रोगी रक्त जातंय समजून घाबरतो नि गोळ्या टाकून देतो. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंगात ताकद येते, आणि उपचार सुटायचा खरा धोका तेव्हाच असतो. जंतू अजून आत दबून बसलेले असतात. अर्धवट औषधाने त्यांतले चिवट तेवढे उरतात आणि पुढे त्यांना तीच औषधं लागू पडत नाहीत.

रोग्याला घरी ठेवून बरं करता येतं, हे जगाला भारतानेच दाखवलं. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने सॅनेटोरियममधल्या आणि दाटीच्या गरीब घरांतल्या रोग्यांची तुलना केली. 1959 मध्ये निष्कर्ष आला की औषध नेमाने घेतलं तर घरीही रोगी तितकाच बरा होतो आणि घरातल्या इतरांना जास्त लागण होत नाही. घरापर्यंत जाणारं माणूस कोण, या प्रश्नाचं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातच सापडलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 पासून जामखेडला गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. क्षय आणि कुष्ठाचे रोगी त्या घरोघर जाऊन हुडकत. आजची आशाताई जामखेडच्या वाटेनेच आली.

आज रोग्याला सरकारच्या निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी नोंद त्याच्यामागे जाते. आहारासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000. हे पैसे म्हणजे दानधर्म नव्हे. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात रोग्याच्या घरच्यांना धान्य आणि डाळीचा शिधा दिला, तर त्यांच्यात नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. डाळसुद्धा क्षयाचं औषध आहे, हे आता मोजून सिद्ध झालं आहे.

लोणीसारख्या ठिकाणी क्षय आणि जबडा एकमेकांना भेटतात ते मानेवर. दंतविभागात माणूस येतो, गळ्याला गाठ असते. जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणत आणि ती बहुतेक वेळा क्षयाची असे. आज तीच गाठ मिश्री, तंबाखू-चुना किंवा गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचीही असू शकते. सुई घालून पेशी काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, थोडा नमुना सीबीनॅटला द्यायचा. एक निकाल माणसाला सहा महिन्यांच्या गोळ्यांकडे नेतो, दुसरा शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

जबड्याची शस्त्रक्रिया अनेक कारणांनी होते. मोटारसायकलवरून पडून हाड मोडतं. कॅन्सरमध्ये हाडाचा तुकडाच काढावा लागतो आणि पायाच्या नडगीशेजारचं पातळ हाड तिथे बसवतात. 2021 च्या काळ्या बुरशीत कित्येकांचा वरचा जबडा गेला आणि टाळूला पडलेलं भोक झाकायला कवळीसारखा ऑब्च्युरेटर बसवावा लागला, नाहीतर प्यालेलं पाणी नाकातून येई. सगळ्यात चटका लावणारी मात्र लहान मुलं. हनुवटीवर पडतात किंवा कान फुटून पू होतो, त्यातून कानापुढचा जबड्याचा सांधा हाडाने हाडाला चिकटतो आणि तोंड उघडतच नाही. दातांच्या फटीतून वरणाचं पाणी, दूध, कुस्करून पातळ केलेली भाकरी. खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी आत राहते, झोपेत श्वास कोंडतो.

शल्यचिकित्सक चिकटलेलं हाड कापून फट करतो, पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये स्नायूचा पापुद्रा घालतो आणि भुलीत तोंड किमान 35 मिलिमीटर उघडतंय हे मोजून घेतो. तिथे त्याचं काम जवळपास संपतं. थोड्याच दिवसांत व्यायाम सुरू झाला नाही, तर मोकळा केलेला सांधा पुन्हा आखडतो. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये चपट्या लाकडी पट्ट्यांची चवड सरकवायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग मधोमध आणखी एक पट्टी हळूच घुसवायची. स्क्रू फिरवून जबडा उघडणारं हाइस्टर हे साधनही वापरतात. दिवसातून चार-पाच वेळा, किमान सहा महिने, बहुधा वर्षभर. मूल रडतं, आईचा हात थांबतो. ‘थांबू नका’ हे तिला सांगणं फिजिओथेरपिस्टला सगळ्यात जड जात असेल. घरी मोजायला साधन नको. आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी करून दातांत मावली पाहिजेत.

कॅन्सरच्या रोग्याचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराने गालाचे स्नायू कडक होत जातात, सुपारीने आधीच घट्ट झालेले असतील तर जास्तच. व्यायाम सोडला की चमचाही आत जाईनासा होतो. पोटात अन्न जात नाही म्हणून वजन उतरतं, आणि उतरत्या वजनाचं शरीर क्षयाला पुन्हा आयतं सापडतं.

या दोन्ही बाजूंवर ग्रामीण महाविद्यालयांत संशोधन होतं ते मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून. नीतिसमितीची मंजुरी, मराठीतलं संमतिपत्र, वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवून त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा. मग मोजणी: सूक्ष्मदर्शकाने किती सापडले आणि सीबीनॅटने किती, शस्त्रक्रियेआधी तोंड किती मिलिमीटर उघडत होतं, महिन्याने किती, सहा महिन्यांनी किती. अशा तक्त्यांत फॉलोअपला न आलेल्यांचा आकडा खाली एका ओळीत असतो आणि वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरत नाही. मला तो तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वाटतो. न आलेल्यांत दगावलेले असतात, बरे झालेले असतात, कोयता घेऊन गेलेले असतात आणि तोंड पुन्हा बंद झाल्यावर आता काय सांगायचं म्हणून लाजेने न आलेलेही असतात.

क्षयाच्या रोग्याला क्रमांक आहे, आहाराचे पैसे आहेत, दारात येणारी आशाताई आहे. जबड्याच्या रोग्याला टाके काढल्यावर एक कागद मिळतो, त्यावर पुढची तारीख असते. दोघांचाही उपचार महिनोन्‌महिने घरात चालतो, दोघांनाही बरं वाटायला लागल्यावर किंवा फार दुखल्यावर सोडून द्यावंसं वाटतं. तरी एकाच्या मागे देशाचा कार्यक्रम आणि दुसऱ्याच्या मागे फक्त त्याची आई किंवा बायको, ही तफावत मला मान्य नाही.

ती कमी करायला फार पैसा नको. आशाताई गोळ्यांचं पाकीट रिकामं झालं का बघायला गल्लीत जातेच. तीन बोटांची परीक्षा आणि पट्ट्यांची चवड तिला एका दुपारीत शिकवता येईल. त्या कामाचा मोबदला मात्र तिला वेगळा आणि वेळेवर मिळाला पाहिजे. छाती, जबडा आणि व्यायाम या तिन्ही शाखा एका आवारात असलेल्या लोणीने असा अभ्यास हाती घ्यावा: जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्या रोग्यांच्या घरी आठवड्याला आशाताईची फेरी, निम्म्यांना नेहमीप्रमाणे पुढची तारीख. सहा महिन्यांनी दोन्हीकडची तोंडं मोजावीत, आणि जे आले नाहीत त्यांच्या गावी जाऊन मोजावीत, मग ते गाव उसाच्या फडाशेजारची कोपी का असेना.