फोन उचलण्याआधी तीन श्वास

स्ट्रीक म्हणजे काय, ते मला माझ्या आठवीच्या मुलींनी सांगितलं. मैत्रिणींनी एकमेकींना रोज एक तरी फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की साठत आलेला आकडा पुसला जातो. म्हणून चाचणीच्या आदल्या रात्रीही फोन उशाशी. ‘मॅडम, वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटतो,’ एक जण म्हणाली. या वयात डोळ्यांखाली काळी वर्तुळं बघवत नाहीत.

यावर मला ध्यानाचा आधार घ्यावासा वाटला; आपल्या शाळांना ते नवं नाही. महाराष्ट्र शासनानं इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर ‘मित्र उपक्रम’ राबवला. त्यात मुलं आनापान शिकतात: डोळे मिटून नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा. मंत्र नाही, मोजणं नाही. मन पळणारच, चिडचिड न करता त्याला परत श्वासावर आणायचं. आम्ही पहिल्या तासाआधी दहा मिनिटं बसतो. कुणी खुसखुसतं, कुणाची पाण्याची बाटली गडगडत जाते. चालायचंच.

याला मी फोनची जोड दिली. घरी फोन उचलण्याआधी तीन श्वास थांबायचं आणि बघायचं, कंटाळा आलाय, भीती वाटतेय की खरंच काम आहे? एका मुलानं सांगितलं, ग्रुपवर आपल्याबद्दल काही चाललं असेल या विचारानं त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो मेसेज वाचण्याआधीच येतो. हे कळलं त्या रात्री त्यानं ग्रुप म्यूट केला आणि झोपला.

पण शाळेतल्या दहा मिनिटांवर सगळा भार टाकू नये. ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाचा मोठा अभ्यास झाला: ८५ शाळा, ११ ते १३ वर्षांची आठ हजारांवर मुलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे घेतलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य इतरांपेक्षा काही सुधारलं नव्हतं. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. मला याचं नवल वाटत नाही. आई-बाबा दोघंही रील्स बघत बसले असतील, तर पोरानं एकट्यानं डोळे मिटून किती वेळ बसावं?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं हे नेमकं ओळखलं. करोनातल्या ऑनलाइन वर्गांनी मुलांना फोनची सवय लागली होती. तेव्हा २०२२ मध्ये गावानं ठरवलं: संध्याकाळी ७ वाजता भोंगा, की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून आठवण करून देत. आणि नियम मोठ्यांनाही तोच.

पालकांनो, तुमच्या गल्लीत भोंगा नसेल. पण रात्रीच्या जेवणानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावता येतील. आधी तुमचा लावा, मग मुलाकडे मागा.