शिरूरचा तीरकमठा

पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, दिवे नि अडकित्ते जमवता जमवता संग्रहालय उभे केले. मला वेड तीरकमठ्यांचे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ती नुसती अडगळ!

दौंडच्या बाजारात ‘पेशवाईतला’ म्हणून एक कमठा घेतला. घरी ओल्या फडक्याने पुसला, तर रंगाखाली बेगड आणि आत साधा बांबू. नाटकमंडळीचा होता तो! तेव्हापासून मी फारच शहाणा झालो.

पुढे शिरूरला एका वाड्यात आजींनी माळ्यावरून कमठा काढला. दोरी नव्हती, आणि टोके भलतीकडेच वळलेली. “आजी, हाही नाटकातलाच,” मी निकाल देऊन टाकला. आजी काही बोलल्या नाहीत.

महिन्याभराने एका जाणकारांनी समजावले. मोगलाईतला उत्तम कमठा एकसंध लाकडाचा नसे. तिरंदाजाच्या बाजूला शिंग, मध्ये लाकूड, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे तंतू. सारे सरसाने जोडलेले. शिंग दाब सोसते, तंतू ताण. दोरी उतरली की तो उलट बाजूला वळतो. चढवताना त्या वळणाविरुद्धच वाकवावा लागतो.

मी तडक शिरूरची एस.टी. गाठली. पण नाटकातलाच म्हणून नातवंडांनी दसऱ्याला तो खेळायला घेतला होता. दिसला त्याच वळणावर दोरी बांधली आणि ओढली. मधोमध तडकला होता. त्या चिरेत शिंग, लाकूड, तंतू, तिन्ही थर स्वच्छ दिसत होते.

“मग खरा होता का हो?” आजींनी विचारले.

“होय,” मी म्हणालो.

त्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि नातवाला माळ्याची शिडी लावायला सांगितली.