क्वेवास यांच्या कागदावरची माणसं

४ जुलै २०२५ रोजी मेक्सिको सिटीच्या रोमा-कोंदेसा भागात मोर्चा निघाला. परदेशी पाहुण्यांमुळे भाडी भडकली, जुन्या भाडेकरूंना बिऱ्हाड हलवावं लागतंय, म्हणून लोक रस्त्यावर आले. दुकानांच्या काचा फुटल्या. होसे लुईस क्वेवास यांना जाऊन आदल्याच दिवशी आठ वर्षं झाली होती. बातमी वाचताना मला त्यांचीच आठवण येत राहिली.

कागद-पेन्सिलींच्या कारखान्यावरच्या घरात जन्मलेला हा चित्रकार. तरुणपणी ला कास्तान्येदा या मनोरुग्णालयात बसून रुग्ण रेखाटले, वेश्या आणि भिकारी रेखाटले. ‘निवडुंगाचा पडदा’ हा लेख लिहून भित्तिचित्रांच्या सरकारमान्य राष्ट्रवादाशी वैर घेतलं. १९६७मध्ये शहरातल्याच सोना रोसा भागात महिनाभरच टिकणारं भित्तिचित्र लावलं. हे सगळं वाचलेलं. मी जगले ते नव्वदचं दशक.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा मेक्सिको सिटीत होतो. १९९२मध्ये सोकालो या मुख्य चौकाजवळच्या सांता इनेसच्या जुन्या मठात त्यांचं संग्रहालय उघडलं. अंगणात आठ मीटर उंचीची कांस्याची ‘ला हिगांता’. मी तिच्या पायाशी तासन् तास बसे. बाहेरची गल्ली फेरीवाल्यांनी गच्च भरलेली. खाकी गणवेशातला बाजेवाला पेटीचा दांडा फिरवून टोपी पुढे करायचा. कोपऱ्यावर एक बाई फडक्यावर लिंबांचे वाटे लावून बसायची. सुजलेली मान, खोल गेलेले डोळे. आत शिरलं की शाईच्या रेषांत तीच मान, तेच डोळे.

‘क्वेवासना कुरूपतेचा नाद आहे,’ असं एका समीक्षकाने मला तेव्हा सुनावलं होतं. मी गप्प बसले, ते आजही सलतं. कुरूप त्या रेषा नव्हत्या. ज्यांच्याकडे बघायचं शहर टाळतं, त्यांच्याकडे हा माणूस टक लावून बघत होता. वर्तमानपत्रांना मात्र त्यांच्या आत्मप्रौढीतच रस.

पुढची वर्षं भराभर गेली. २००७मध्ये संग्रहालयाच्या भागातल्या फेरीवाल्यांना हटवलं. आता मुंबईत मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा चेहरा पिशव्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर दिसतो. क्वेवास हे नाव घेतलं तर चित्रकलेचे विद्यार्थीही कोण म्हणून विचारतात. मला याचा राग येतो.

ला कास्तान्येदा १९६८मध्ये, ऑलिंपिकच्या वर्षी, बंद झालं. तिथले काही रुग्ण क्वेवास यांच्या कागदांवर तरी उरले. लिंबूवाल्या बाईचं चित्र कुणी काढलेलं नाही.