तू कुठला इंडियन?

"अमेरिका कोणी शोधली?" या प्रश्नाला "कोलंबसाने, १४९२ साली" असे लिहून आपण सर्वांनी शाळेत मार्क मिळवले आहेत. कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला. पोचला भलतीकडे आणि तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला! त्या घोळाचे उत्तर आज आपल्या मुलांना वर्गात द्यावे लागते: "तू कुठला इंडियन?" तेव्हा हे पहिले इंडियन इथे आले कधी, हे आपल्यालाही ठाऊक असलेले बरे.

हिमयुगात पुष्कळसे पाणी बर्फात अडकल्याने समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होता. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामधली जेमतेम ८५ किलोमीटरची बेरिंग सामुद्रधुनी तेव्हा कोरडी जमीन होती. माणसे आली ती त्या बाजूने. वाद आहे तो 'कधी' याचा.

न्यू मेक्सिकोत क्लोव्हिस गावाजवळ १९३० च्या दशकात मॅमथच्या हाडांबरोबर दगडी भाल्यांची टोके सापडली. वय सुमारे १३,००० वर्षे. त्याआधी इथे कोणी नव्हते, असे पुढे कित्येक वर्षे शिकवले गेले.

मग २०२१ साली त्याच राज्यातल्या व्हाइट सँड्स येथील पाऊलखुणांचा अहवाल आला. वय २१,००० ते २३,००० वर्षे! पावले बरीचशी मुलांची आणि कुमारवयीनांची.

इथे आम्हा रसायनशास्त्रवाल्यांचे काम सुरू होते. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. म्हणजे २३,००० वर्षांत त्याचा सोळावा भाग उरतो. पण तपासलेल्या बिया पाणवनस्पतीच्या होत्या. अशी वनस्पती पाण्यात विरघळलेला, खडकातला जुना कार्बन घेते, आणि मग बी असते त्याहून म्हातारे दिसते. आक्षेप रास्त होता. संशोधकांनी पुन्हा कंबर कसली. जमिनीवरच्या झाडांचे, पाइनसारख्या वृक्षांचे, परागकण वेगळे काढून तपासले. क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, तेही मोजले. २०२३ साली उत्तर आले: वय तेच.

तिथेच, थोड्या अलीकडच्या काळातली, दीड किलोमीटर लांबीची आणखी एक वाट आहे. कुणीतरी मूल कडेवर घेऊन भराभर चालले आहे. मधेच मुलाला खाली ठेवल्यावर उमटलेली इवली पावलेही दिसतात. आपल्यापैकी कोणत्या आईला हे समजावून सांगावे लागेल?

"आपण सगळेच इथे स्थलांतरित" असे आपण कार्यक्रमांतून म्हणतो. ऐकायला गोड, पण पुरते खरे नाही. आपण आलो तेव्हा घरे, रस्ते, विद्यापीठे तयार होती. ते आले तेव्हा वाट सांगायलाही कोणी नव्हते. मोंटानात सापडलेल्या, साडेबारा हजार वर्षांहून जुन्या बालकाचा डीएनए २०१४ साली वाचला गेला, आणि त्याचे नाते आजच्या मूळ रहिवाशांशीच जुळले. त्याच वर्षी त्याला सन्मानाने पुन्हा मातीत ठेवले. मधे गेल्या पाचशेच्या आसपास पिढ्या! मराठीचे जुने शिलालेख हजार वर्षांचे, म्हणजे चाळीस पिढ्यांचे. त्यांचा आपल्याला केवढा अभिमान! अनेक जमाती म्हणतात, "आम्ही कुठून आलो नाही, इथलेच आहोत." त्यांना खोडून काढण्याची घाई आपण करू नये.

मुलांनी वर्गात खुशाल सांगावे, "माझे आईबाबा भारतातून आले." आणि पुढे हेही जोडावे, की ज्यांना चुकून आमचे नाव मिळाले, ते या घराचे पहिले यजमान आहेत.