शिकाऱ्याच्या पिशवींतील गळ

शिकारीचा नाद आणि मासे धरण्याचा नाद एकाच माणसांत पुष्कळदां आढळतात. परंतु दोहोंचें सामान एका पाठीवर सहसा मावत नाहीं. अमेरिकेंतील रॉकी पर्वतांत, मोटारीची वाट संपते तेथून पुढें बरीच पायपीट करून एल्क नांवाच्या थोराड हरणाची शिकार करण्याची चाल आहे. तंबू, अंथरूण, शिधा, धनुष्य किंवा बंदूक मिळून वीस-पंचवीस किलोंचें ओझें होतें. शिकार साधलीच, तर जनावराचें मांसहि पाठीवरून अनेक खेपांनीं खालीं आणावें लागतें. मग अशा प्रवासांत गळ आणि दोरी कशाला, असा प्रश्न कोणीहि विचारील.

याचें उत्तर एल्कच्या दिनक्रमांत आहे. सप्टेंबरांत, म्हणजे धनुष्यानें शिकार करण्याच्या हंगामांत, हीं जनावरें पहांटे व सायंकाळीं चरावयास बाहेर पडतात आणि भर दुपारीं दाट झाडींत बसून राहतात. त्या वेळीं झाडींत शिरणें म्हणजे त्यांना हुसकावून लावणें होय. शिकाऱ्याला अशी सक्तीची विश्रांति मिळते, आणि जवळच्या तळ्यांत किंवा ओढ्यांत ट्राउट मासे पाण्यावर पडणाऱ्या किड्यांना टपलेले असतात.

बंदूक आणि गळ यांची ही जोडी जुनी आहे. १८०४ सालीं मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क पश्चिमेच्या शोधास निघाले, तेव्हां त्यांच्या सामानांत गळहि होते. १३ जून १८०५ रोजीं मिसुरी नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशीं सायलस गुडरिच या त्यांच्या सोबत्यानें सहा उत्तम ट्राउट धरले. गळ्याखालीं तांबडा पट्टा असलेल्या या माशाच्या शास्त्रीय नांवांत आज लुईस आणि क्लार्क हे दोघेहि अमर झाले आहेत. परंतु त्याच वर्षीं सप्टेंबरांत बिटररूट पर्वत ओलांडतांना शिकार मिळेनाशी झाली आणि गळ जवळ असूनहि त्या तुकडीला आपलें एक शिंगरूं मारून खावें लागलें.

यांतील बोध स्पष्ट आहे. मासा मिळेल या भरंवशावर शिधा कमी करूं नये. पाव किलोचा ट्राउट साफ केल्यावर जेमतेम दोनशे कॅलरी देतो. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला तीन-चार हजार लागतात. मासा हें तोंडीलावणें समजावें, जेवण नव्हे. म्हणूनच त्याचें सारें सामान अर्ध्या किलोच्या आंत बसविण्यांत शहाणपण आहे.

काठीचे दोन प्रकार सोयीचे. पहिला जपानांतील डोंगरी कोळ्यांचा ‘तेंकारा’. या काठीला रीळ नसतें. दोरी थेट शेंड्याला बांधतात. एकांत एक सरकणारी ही काठी उघडल्यावर साडेतीन मीटरांच्या आसपास लांब होते आणि मिटल्यावर हातभर उरते. वजन शंभर ग्रॅमच्याहि आंत. अरुंद ओढ्यावर तिची सर दुसऱ्या कशास नाहीं. मात्र दोरी ठराविक लांबीची असल्यामुळें मोठ्या तळ्यांत दूरवरचा मासा हातीं लागत नाहीं. तेथें पांच-सहा तुकड्यांची जोडकाठी, लहान रीळ आणि बारीक नायलॉनची दोरी हा दुसरा प्रकार उपयोगी. वजनदार चकचकीत पत्र्याचें आमिष तिनें दूर फेंकतां येतें. पिसांची कृत्रिम माशी हलकी असल्यानें तशी फेंकली जात नाहीं. तिच्यापुढें पोकळ पारदर्शक तरंगा बांधून त्यांत थोडें पाणी भरलें, कीं काम भागतें.

गळांची डबी मात्र पक्क्या झांकणाची हवी. सुटा गळ अंथरुणाच्या हवेच्या गादीस भोंक पाडतो, आणि बोटांत रुतला तर डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर असतो. गळाचा उलटा कांटा चिमट्यानें अगोदरच दाबून टाकावा. म्हणजे तो माशाच्या तोंडांतून आणि माणसाच्या बोटांतूनहि सहज निघतो. काठी पिशवीच्या वर उभी ठेवल्यास फांद्यांत अडकून मोडते, शिवाय खडखडाटानें सावजहि सावध होतें. ती तंबूच्या काठ्यांबरोबर आडोशाला घट्ट बांधावी.

आणखी दोन पथ्यें विसरतां कामा नयेत. शिकारीचा परवाना मासे धरण्यास चालतोच असें नाहीं; कांहीं पाण्यांत तर धरलेला मासा परत सोडावा लागतो. दुसरें पथ्य अस्वलाचें. ग्रिझलीच्या मुलुखांत तंबूपाशीं मासा भाजणें म्हणजे पाहुण्याला आवतण देणें होय. स्वयंपाक तंबूपासून दूर करावा आणि ज्या कपड्यांना माशाचा वास लागला ते घालून झोंपूं नये.

एल्कच्या मागें गेलेले बहुतेक शिकारी रिकाम्या हातानेंच परत येतात. त्यांच्यांतील ज्याला दुपारच्या उन्हांत तळ्याकांठीं एखादा ट्राउट मिळाला असेल, त्याला तें अर्ध्या किलोचें ओझें जड वाटत नाहीं.